रिळाच्या तळाशी कोणती गाठ?

गेल्या सप्टेंबरात दिवाडीच्या बांधावरून माझी दीडशे मीटर दोरी नदीत गेली. तुटली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. ती सुटली, आणि सुटली ती मी स्वतः मारलेल्या गाठीतून.

ओहोटीला खाजनातलं पाणी मानशीतून नदीत उतरतं. त्याबरोबर बारीक मासळी बाहेर पडते आणि तिच्या मागावर चोणक येऊन थांबतो. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात, तोच हा. मानशीतल्या मासळीचा हक्क पावणीत कुणीतरी घेतलेला असतो, म्हणून मामा आणि मी तिथून बरेच लांब, नदीच्या अंगाला उभे होतो. सहाच्या सुमारास माझ्या गळाला काहीतरी मोठं लागलं आणि सरळ प्रवाहाबरोबर निघालं. ड्रॅग मी सैल ठेवला होता. तो आवळायचं सोडून मी रिळाकडे बघत राहिलो. हिरवी दोरी कमी कमी होत गेली, खालचा चकचकीत धातू दिसायला लागला आणि दोरीचं टोक काठीच्या कड्यांतून सर्रकन निघून गेलं. काठी एकदम हलकी झाली. फट् असा आवाजसुद्धा झाला नाही.

मासा केवढा होता हे मामाने विचारलं नाही. त्याने विचारलं, "खाली काय बांधलं होतंस?"

"साधी गाठ. दोनदा मारली होती."

"बरं," म्हणाला आणि आपला गळ पुन्हा पाण्यात टाकला.

रिळाच्या तळापर्यंत कोण जातंय, असं मला वाटत होतं. ऑफिसात मीही लोकांना सांगतो की 'इथपर्यंत प्रोग्राम कधीच येणार नाही' असं लिहून ठेवलेल्या ओळीपर्यंत तो एक दिवस येतोच, बहुतेक रात्री तीन वाजता. बांधावर हे मला आठवलं नाही.

मला वाटलं, नुकसान दोरीच्या किमतीएवढंच, दीडेक हजारांचं. तिसऱ्या दिवशी मामाच्या ओळखीच्या एका होडीवाल्याचा फोन आला. पॉलिथिलीनच्या धाग्यांची ही वेणीची दोरी पाण्यापेक्षा हलकी असते. ती तरंगत भरतीबरोबर खारफुटीत शिरली होती आणि एका बगळ्याच्या पायाला तिचे वेढे पडले होते. होडीवाल्याने कात्रीने सोडवलं त्याला, पण एक पाय धड राहिला नव्हता. चाळीसेक मीटर दोरी त्याने गोळा करून आणली. बाकीची अजून तिथेच कुठेतरी आहे. आणि तो मासा तोंडात गळ घेऊन किती दिवस ती ओढत फिरला असेल, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

तोवर तळाच्या गाठीचं काम दोरी हातची जाऊ न देणं एवढंच आहे, असा माझा समज होता. खरं म्हणजे दोर तुटायची वेळ आली तर तो कुठे तुटेल, हेही तिच्यावर अवलंबून असतं. गळाजवळचा धागा मुख्य दोरीपेक्षा थोडा कमजोर ठेवला आणि तळाची गाठ पक्की असली, तर ताण आल्यावर तुटतं ते गळाजवळ. पाण्यात राहतो तो हात-दोन हात धागा. तळाची गाठ सुटली तर अख्खी दोरी जाते.

पुढच्या रविवारी मी मामाच्या पडवीत प्रयोग केला. रिळाची स्पूल काढून, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरली. तिच्यावर दोरी बांधली, वर दहा-बारा वेढे दिले आणि सुट्या टोकाला बादली टांगली. बादलीत एकेक तांब्या पाणी ओतत गेलो. मामी दोनदा येऊन बघून गेली आणि काही न बोलता आत गेली.

सुरुवात आर्बर नॉटने केली, कारण शिकायला तीच सर्वात सोपी. दोरीचं टोक स्पूलभोवती फिरवून आणा. त्या टोकाने मुख्य दोरीभोवती एक साधी गाठ मारा. मग उरलेल्या शेपटावर, अगदी टोकाशी, आणखी एक साधी गाठ मारा. आता मुख्य दोरी ओढा. पहिली गाठ सरकत स्पूलला चिकटते आणि दुसरी तिला मागून येऊन अडते. तंगूस, म्हणजे आपली नेहमीची नायलॉनची दोरी, असेल तर हिच्यात काही उणं नाही. माझ्या प्रयोगात तंगुसाची गाठ हलली नाही.

वेणीच्या दोरीने मात्र तिसऱ्या तांब्यालाच गंमत केली. गाठ जशीच्या तशी होती, पण वेढ्यांचा सगळा गठ्ठा गुळगुळीत धातूवर गोल फिरायला लागला. बांगडी हातात फिरावी तसा. नवशिक्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं ड्रॅग बिघडला, आणि ते रीळ दुरुस्तीला घेऊन जातात. गाठ बदलून हा दोष जात नाही, कारण तो पकडीचा आहे.

त्यावर दोन उपाय आहेत. स्पूलवर आधी इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यायचा आणि त्यावर दोरी बांधायची. किंवा आधी आठ-दहा मीटर तंगूस आर्बर नॉटने बांधून गुंडाळायचा आणि त्याला वेणीची दोरी जोडायची. तंगूस धातूला धरून बसतो. शिवाय महागडी दोरी तेवढी कमी लागते, हा आमच्या कोकणी हिशेबाचा भाग. काही नव्या स्पूलवर रबराची पट्टी बसवलेलीच येते, तिथे हे दोन्ही लागत नाही.

टेपवर थेट बांधायची असेल तर वेणीच्या दोरीला मी यूनी नॉट वापरतो. टोक स्पूलभोवती दोनदा फिरवून आणायचं, मुख्य दोरीला समांतर मागे न्यायचं, त्याचा एक फासा करायचा आणि त्या फाशातून टोक दोन्ही पदरांभोवती गुंडाळत न्यायचं. तंगुसाला पाच वेढे पुरतात, वेणीच्या दोरीला सात-आठ द्यावेत, कारण ती निसरडी. मग थुंकी लावून हळूहळू आवळायची. थुंकीला नाक मुरडू नका. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. शेवटी शेपूट अगदी जवळून कापायचं, नाहीतर वरचे वेढे त्यात अडकतात. टेप आणि यूनी नॉट मिळून अख्खी बादली धरून राहिले. माझं मत विचाराल तर बारीक मासळीसाठी आर्बर पुरे, पण चोणकाच्या मागे जायचं असेल तर यूनीला लागणारी दोन मिनिटं वाचवू नका. दोन दोऱ्या जोडायलाही तीच गाठ दोन्ही बाजूंनी मारतात, त्यामुळे एक शिकलं की दोन कामं होतात.

मामा हे सगळं खुर्चीत बसून बघत होता. म्हणाला, "आमच्या वेळी रीळ कुठे होतं? लाकडाच्या फळकुटावर तंगूस गुंडाळायचा."

"मग खाली कोणती गाठ मारायचास तू?"

"फळकुटाला खाच असायची. तिच्यात दोन वेढे आणि एक गाठ. आणि गेलंच हातातून, तर फळकूट तरंगायचं. होडी घेऊन मागे जायचं. एकदा पार रायबंदरच्या बाजूला सापडलं होतं, मासा होता अजून."

माशाचं वजन त्याने सांगितलं, पण ते दरवर्षी वाढतं, म्हणून इथे देत नाही.

त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर नवी दोरी भरली. टेप लावली, यूनी मारली, थुंकी लावली, शेपूट कापलं, ओढून बघितलं. मामाने गाठ अंगठ्याने चाचपली आणि मान डोलावली. मी हँडल फिरवायला सुरुवात केली, तर दोरी गुंडाळली जाईना. तारेची कमान उघडायच्या आधीच मी दोरी तिच्यावरून नेऊन बांधली होती. आणि काठीच्या कड्यांतून ओवायची तर राहूनच गेली होती. मामा इतका हसला की मामी पुन्हा बाहेर आली.

तर क्रम असा. आधी टोकाकडून बुडाकडे सगळ्या कड्यांतून दोरी ओवा, मग कमान उघडा, मग बांधा, मग कमान बंद करा. भरताना ओल्या फडक्यात दोरी धरून ताण ठेवा आणि स्पूलच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलीत तर पहिल्याच फेकीला गुंता होतो.

होडीवाल्याने आणलेली ती चाळीस मीटर दोरी मी ठेवून दिली आहे. ती पुन्हा वापरण्यासारखी नाही. पण गळाजवळच्या गाठींचा सराव तिच्यावरच चाललाय. त्या गाठी पुढच्या महिन्यात.