दलदल धोक्याची, पण कोणाला?

ऐतिहासिक साहसाच्या व्हिडिओ गेममध्ये दलदल आली की ती नायकाच्या परीक्षेसाठीच आली, असे खुशाल समजावे. २०१२ साली आलेला ‘असॅसिन्स क्रीड ३ : लिबरेशन’ हा गेमही त्यास अपवाद नाही. त्याचे कथानक अठराव्या शतकातील न्यू ऑर्लिन्स शहराभोवती फिरते. नायिका अ‍ॅव्हलिन ही फ्रेंच व्यापारी आणि गुलाम आफ्रिकी स्त्री यांची कन्या. शहराबाहेर पडताच लुइझियानाची दलदल तिला गिळावयास टपलेली असते : काळे पाणी, मगरी, तस्कर आणि पाऊल घसरेल तेथे मृत्यू.

हे चित्र खोटे नाही. परंतु ते मळेवाल्याच्या सज्जातून पाहिलेले आहे. अ‍ॅव्हलिनचा गुरू अगाते हा पळून आलेला गुलाम असून तो याच दलदलीत राहतो, ही गेमच्या कर्त्यांची जाण मान्य केलीच पाहिजे. तथापि खेळणाऱ्याच्या बोटांना काम मिळते ते मगरीशी झुंजण्याचे. गुलामाला मगरीहून मालकाच्या चाबकाचे भय अधिक वाटत होते, हे इतिहास शिकविणाऱ्याने तरी विसरू नये.

न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेकडील दलदलीत पळालेल्या गुलामांनी वस्त्याच वसविल्या होत्या. ते मका पिकवीत, मासे धरीत, टोपल्या विणीत आणि सायप्रसचे ओंडके तोडून लाकडाच्या गिरण्यांना विकीत. गुलामांच्या धन्यांपैकीच काहींच्या या गिरण्या होत्या! व्यापाराला असा विटाळ सहसा होत नाही. त्यांचा म्होरक्या सेंट मालो यास स्पॅनिश सत्तेने १९ जून १७८४ रोजी फासावर चढविले.

आता भयाची दिशा उलटली असून दलदलच संकटात आहे. मिसिसिपीला बांध घातल्याने नवा गाळ येईनासा झाला. तेलासाठी खणलेल्या कालव्यांनी उरलेली भूमी पोखरली. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. सेंट मालोच्या परिसरातून जहाजांसाठी खोदलेला एक मोठा कालवा १९६८ साली पूर्ण झाला. त्यातून शिरलेल्या खाऱ्या पाण्याने सायप्रसची वने उभी वाळली. २००५ साली कतरिना वादळाचे पाणी शहराच्या पूर्व भागावर चालून आले, तेव्हा त्याचा जोर मोडावयास ती झाडे तेथे नव्हती. कालवा २००९ मध्ये दगडी बांध घालून बंद करण्यात आला.