शंभर टक्के हजेरीचं बक्षीस कुणाला?

शाळेच्या बक्षीस समारंभात 'शंभर टक्के हजेरी'चं एक बक्षीस हमखास असतं. गणिताचं किंवा धावण्याचं बक्षीस एखादीलाच मिळतं. पण हे मिळवायला हुशारी लागत नाही, ताकद लागत नाही, फक्त रोज यायचं असतं, असं आपल्याला सांगतात. म्हणून ते सगळ्यात न्याय्य बक्षीस वाटतं. मला मात्र ते सगळ्यात अन्यायाचं वाटतं. निदान आपल्या कॅथलिक मुलींच्या शाळांनी तरी ते बंद करावं, असं माझं म्हणणं आहे.

मी शिकले ती शाळा मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातली, सिस्टरांनी चालवलेली. आपल्याकडे बऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताज महल आठवते, फार तर केळी. जळगावातलं रावेर ओलांडलं की तो जिल्हा लागतो, आणि तिथल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. आम्ही घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि मैदानात हिंदी बोलायचो. वर्गात ख्रिस्ती मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या, केळीच्या बागांतून राबणाऱ्यांच्या, दुकानदारांच्या, आणि काही असीरगडाच्या आसपासच्या कोरकू आणि बारेला पाड्यांवरून आलेल्या मुली.

या वर्गात कोण कधी गैरहजर असायचं, हे पाहिलं तर आळसाचा भाग फार थोडा निघतो. आई लूमवर गेली आणि धाकटा भाऊ तापाने फणफणला, की घरी राहायची ती मोठी बहीण. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या पाड्यावरच्या मुली येत नसत. महिन्यातले दोन-तीन दिवस काही जणींचे ठरलेलेच. त्याचं कारण सगळ्यांना माहीत असायचं आणि वहीत मात्र 'पोटदुखी' लिहिलं जायचं. आणि दिवाळीनंतर आई-वडील मजुरीला दुसरीकडे गेले की त्यांच्याबरोबर मुलगीही जायची.

आता सांगा, शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र कुणाच्या हाती जाणार? जिच्या घरी कामाला बाई आहे, सोडायला वडिलांची स्कूटर आहे, आणि जिचं घर नाल्याच्या अलीकडे आहे, तिच्या. माझं घर नाल्याच्या अलीकडेच होतं. ज्या मुली हे बक्षीस घ्यायच्या त्यांचा काही दोष नाही. पण बक्षीस मुलीला मिळतं आणि कौतुक परिस्थितीचं होतं, एवढं आपण मान्य करायला हवं.

महाराष्ट्रात याची एक सरकारी आवृत्तीही आहे. १९९२ पासून 'उपस्थिती भत्ता' नावाची योजना चालू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या, पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया, अट ७५ टक्के हजेरीची. हेतू चांगलाच होता: मुलगी शाळेत गेल्याने घराचं होणारं नुकसान थोडं तरी भरून निघावं. पण दशकं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. आणि ज्या घरातली मुलगी महिनाभर येऊ शकत नाही, त्या घराला भत्त्याची गरज जास्त असूनही तिचाच भत्ता जातो. उलट ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं निघाली, तेव्हा प्रश्न बरोबर विचारला गेला होता. मूल का येत नाही एवढ्यावर न थांबता, ते जिथे आहे तिथे शाळा कशी नेता येईल किंवा त्याला गावातच कसं थांबवता येईल, असा तो प्रश्न होता. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण दिशा योग्य आहे.

मुलींना कणखर व्हायला सांगणं ही आपल्या शाळांची आवडती गोष्ट. प्रार्थनेनंतरच्या भाषणांत आम्हाला असीरगडाचं उदाहरण ठरलेलं. सातपुड्यातला तो किल्ला म्हणजे दख्खनचा दरवाजा, अभेद्य, तसं व्हा! पण त्या किल्ल्याचा इतिहास भाषणात कुणी पूर्ण सांगत नसे. अकबराचा वेढा महिनोन्महिने चालला. गडावर धान्य होतं, पाणी होतं, तोफा होत्या. तरी जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. आत माणसांची दाटी झाली होती, रोगाची साथ पसरली होती, आणि आतल्या लोकांचा एकमेकांवरचा भरवसा संपला होता. सोन्याच्या किल्ल्यांनी दरवाजे उघडले असंही म्हणतात. त्या वेढ्याच्या वेळी अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर हे जेझुइट फादर होते, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले. म्हणजे आपल्या लोकांनीही ती घटना जवळून पाहिली आहे. मला त्यातून एवढंच कळतं, की भिंती कितीही जाड असल्या तरी आतली माणसं एकमेकांना धरून नसतील तर गड टिकत नाही. मुलींचंही तेच आहे. एकेकीला 'कणखर हो' म्हणून सांगण्यापेक्षा वर्ग कणखर हवा.

असा वर्ग मी पाहिला आहे. आमच्याबरोबरची एक मुलगी आठवीत असताना दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर गेली, ती होळीच्या आसपास परत आली. प्रगतिपुस्तकावर 'अनियमित' असा शेरा आला, तो आलाच. पण आमच्या बाकावरच्या चौघींनी वाटणी करून तिच्या वह्या लिहून ठेवल्या होत्या: एकीकडे गणित, एकीकडे विज्ञान, असं. आमच्या क्लास टीचर सिस्टरांनी तिला पहिले पंधरा दिवस मधल्या सुट्टीत बसवून शिकवलं. ती पास झाली, पुढे दहावीही झाली. तिची हजेरी किती टक्के होती हे मला आठवत नाही. ती परत आली हे आठवतं. आणि परत येणं तिला शक्य झालं, कारण तिची जागा कुणी भरून टाकली नव्हती.

कायदाही परत येणाऱ्या मुलाचा विचार करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण, अशी तरतूद आहे. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला. म्हणजे आपल्या कॅथलिक शाळांवर ती सक्ती नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवायचं ठरवलं. त्याचं जे व्हायचं ते होवो. आपल्या संस्थांची स्वायत्तता मलाही हवी आहे. पण कायद्याने सोडलं म्हणून शुभवर्तमानाने सोडलंय का?

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय हजेरीच्या नजरेने एकदा वाचून बघा. शंभर मेंढरांतली नव्व्याण्णव हजर आहेत. कुठल्याही शाळेत हा आकडा फलकावर झळकला असता. तो मेंढपाळ मात्र नव्व्याण्णव टक्क्यांवर खूश होत नाही, हरवलेल्या एकाच्या मागे जातो. त्याच अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. त्यातला थोरला भाऊ म्हणजे आपला शंभर टक्के हजेरीवाला. एक दिवस चुकला नाही, आणि धाकटा परत आल्यावर मेजवानी पाहून रागावला. बाप त्याला झिडकारत नाही, त्याचं जे आहे ते त्याचंच आहे असं सांगतो. पण मेजवानी परत आलेल्यासाठीच असते. आपल्या शाळांच्या समारंभात मेजवानी कायम थोरल्याला का?

यावर शिक्षक म्हणतील, 'हजेरीचं महत्त्वच काढून टाकलं तर वर्ग ओस पडतील.' हा मुद्दा खोटा नाही. बंक मारणारे असतात, कॉलेजात तर फारच. आपल्यापैकी कोण कँटीनमध्ये बसून प्रॉक्सी लावतं हे मी इथे लिहीत नाही! रोज येण्याची सवय लागते आणि ती आयुष्यभर उपयोगी पडते, हेही खरं. म्हणून हजेरी घेऊ नका असं मी म्हणत नाही. उलट नीट घ्या. गैरहजेरीच्या रकान्यात नुसती फुली न मारता, ही का आली नाही हे कुणीतरी विचारलं पाहिजे. दंड करण्याआधी फोन, आणि फोन नसेल तर घरी जाणं. आपल्या पॅरिशमध्ये लघु ख्रिस्ती समूहाची माणसं आजाऱ्याच्या घरी जातातच की. तीच सवय वर्गात आणायची.

शाळांनी तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. एक, शंभर टक्क्यांचं बक्षीस बंद करून, खंड पडूनही शिक्षण पुढे नेणाऱ्या मुलींचं आणि त्यांना साथ देणाऱ्या मैत्रिणींचं कौतुक करावं, पण त्यांच्या घरच्या अडचणी माइकवरून न सांगता. दोन, प्रत्येक वर्गात गैरहजर मुलींसाठी वह्यांची वाटणी असावी, मैत्रिणींच्या मर्जीवर न सोडता ठरवून. तीन, पाळीच्या दिवसांत आराम करायला एक खोली, पॅड आणि पाणी, म्हणजे निम्म्या 'पोटदुख्या' घरी न राहता शाळेत येतील. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

आणि आपण? सेमिस्टरच्या शेवटी ७५ टक्के न भरलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते, तेव्हा आपण आधी आपलं नाव शोधतो आणि मग हसत हसत दुसऱ्यांची वाचतो. या वेळी त्यातलं जे नाव महिनाभर वर्गात दिसलं नाही, त्या नंबरवर एक फोन करून बघा. नोट्स पाठवायच्या आहेत एवढंच म्हणा. बाकीचं ती सांगेल, किंवा नाही सांगणार. पण आपली जागा अजून आहे, हे तिला कळेल.