विश्लेषण : सामाजिक सुरक्षेच्या चर्चेत खानदेशच्या मजुराला जागा किती?

देशातले ९ कामगार कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. असंघटित कामगारांच्या योजना सरकार, मालक आणि कामगार यांच्या चर्चेतून पुढे याव्यात, यासाठी तिच्यात मंडळांची तरतूद आहे. पण रावेर-यावलमध्ये केळीचे घड वाहणारा किंवा साक्रीहून ऊसतोडीला जाणारा मजूर या चर्चेत कुठे आहे?

चर्चा कुठे होते?

केंद्रात कामगारमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय मंडळ असते. राज्याच्या मंडळात कामगारांचे ७ आणि मालकांचे ७ प्रतिनिधी असतात. मात्र मंडळ फक्त शिफारस करते. निर्णय आणि निधी सरकारच्या हातात राहतो. २००८ च्या कायद्यातली रचनाही साधारण अशीच होती.

नोंदणी झाली, पैसा कुठून येणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली आहे. त्यात सर्वाधिक शेतीतले आहेत. ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी, असे संहिता सांगते. शेतमजुरासाठी अशी वर्गणी कोणावरच बंधनकारक नाही. त्यामुळे कार्ड हातात आले, तरी त्यामागे ठरलेला निधी नाही.

महाराष्ट्राने आधी काय केले?

हमालांचा मालकही रोज बदलायचा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. सरकार, मालक आणि कामगार यांची मंडळे झाली. कामगाराची नोंद मालकाकडे नाही, तर मंडळाकडे होऊ लागली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, उपचार मिळतात. केळी कापणारी टोळीही आज एका व्यापाऱ्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असते. म्हणजे ‘कायम मालक नाही’ ही सबब इथे पुरत नाही.

जिल्ह्याबाहेर गेल्यावर काय?

ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी राज्यातले कारखाने टनामागे १० रुपये देतात आणि तेवढीच रक्कम सरकार घालते. पण धुळे जिल्ह्यातल्या अनेक टोळ्या दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात. तिथल्या उसावर हा निधी जमा होत नाही. हा प्रश्न एकट्या राज्याला सोडवता येणार नाही. दोन राज्ये आणि कारखाने एकत्र बसायचे, तर राष्ट्रीय मंडळ हीच त्याची जागा.

थोडक्यात

मंडळात कामगारांचे ७ जण आहेत, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. त्या ७ जणांत शेतमजूर आणि स्थलांतरित किती, आणि चर्चेअंती कोणी किती पैसे भरायचे हे ठरते का, यावर संहितेचा खानदेशातला उपयोग ठरेल.