दर्यागंजचा पदपथ कोणाचा?

दिल्लीच्या दर्यागंजातील रविवारचा पुस्तकबाजार 2019 साली पदपथावरून उठविण्यात आला. वाहतुकीच्या कोंडीचे कारण पुढे झाले. जुलैत उच्च न्यायालयाचा आदेश निघाला आणि सप्टेंबरात विक्रेत्यांची रवानगी आसफ अली मार्गावरील महिला हाटच्या आवारात झाली. रविवारी तेथील दुकाने बंद असत, म्हणूनच 1960 च्या दशकापासून हा बाजार त्यांच्यासमोर भरत आला होता, ही साधी गोष्ट शिस्तीच्या पुरस्कर्त्यांना आठवली नाही.

या बाजारात कामगाराच्या मुलीला शाळेची जुनी पाठ्यपुस्तके आणि चित्रकथा मिळत, तिच्या भावाला स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, बापाला हिंदी-उर्दू कादंबऱ्या. इंग्रजी पुस्तके तर चक्क किलोच्या भावाने! 1991 साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, मॉस्कोहून येणारी स्वस्त व देखणी बालपुस्तके बंद झाली. त्यानंतर अशी पुस्तके शोधायची ती रद्दीच्या ढिगांतच.

बाजार बंद कोठे झाला, फक्त हलविला, असा युक्तिवाद केला जातो. तो करणाऱ्यांनी 2014 चा पथविक्रेता कायदा उघडावा. पन्नासहून अधिक वर्षे चाललेला नैसर्गिक बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करावा, तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या अनुसूचीत नमूद आहे. संसदेने केलेला हा कायदा मोटारवाल्यांच्या सोयीपुढे निष्प्रभ कसा ठरला? विक्रेत्याचे गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याने जाणारा वाटसरू. आवाराच्या भिंतीआड मांडलेले पुस्तक त्याला दिसणार कसे? दर्यागंजचा पदपथ विक्रेत्यांना परत मिळालाच पाहिजे.