पंचनामा कोणी करायचा?



गारपीट झाली, गंजीला आग लागली, बैल वीज पडून मेला, की तलाठी येतो. चार पंच बसतात, कागद होतो. कागद खरा असेल, खोटा असेल, तलाठ्याने चहापाणी घेतले असेल, पण खाली सही गावच्या माणसाची असते. विहिरीत विष उतरले तर मात्र पंचनामा नाही. साहेब जीपमधून येतात, बाटलीत पाणी भरतात आणि जातात. आमच्या एका बैठकीत एका भावाने सांगितले की त्याच्या विहिरीचे पाणी तीन वेळा नेले आणि एकदाही अहवाल हातात दिला नाही. चौथ्या वेळी त्याने बाटली भरू दिली नाही, तर साहेब म्हणाले, सरकारी कामात अडथळा आणता काय?

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असे समजू नका. अमेरिकेत सगळे कायद्याने चालते असे आपल्याला नेहमी ऐकवतात. त्या अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या कारखान्याची कथा आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण तिच्यात नदी आहे, कारखाना आहे, कपाशीवर फवारले जाणारे विष आहे आणि मेलेली जनावरे आहेत. तपासाचा भार कोणी उचलायचा हे वेळीच न ठरवल्याचे बिल तिथले लोक आजही भरत आहेत.

मिशिगन राज्यात सेंट लुईस नावाचे छोटे गाव आहे. त्याच नावाचे मोठे शहर दुसरीकडे आहे, ते हे नव्हे. गावात पाइन नदी, नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून सुमारे ५० एकरांवर मिशिगन केमिकल कंपनीचा कारखाना. तो १९३६ ते १९७८ पर्यंत चालला. मीठ काढता काढता कंपनी डीडीटी करू लागली. पुढे तिथे दोन भुकट्या निघू लागल्या. एक 'न्यूट्रीमास्टर', म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, दुभत्या गाईंच्या खुराकात मिसळायचे. दुसरी 'फायरमास्टर', प्लास्टिकला आग लागू नये म्हणून त्यात घालायचे ब्रोमीनचे विष, ज्याला पीबीबी म्हणतात. १९७३ मध्ये या दुसऱ्या भुकटीच्या पिशव्या पहिलीच्या नावावर गुरांच्या खुराकाच्या गिरणीत गेल्या. एका छपराखाली खुराक आणि विष, पिशव्या जवळपास सारख्या. आपल्या घरी युरियाच्या पोत्याशेजारी फवारणीचा डबा ठेवला तर कृषी सहायक व्याख्यान देतो!

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर फ्रेडरिक हॅल्बर्ट नावाच्या दूध उत्पादकाच्या गाई खाईनात. दूध आटले, खूर वेडेवाकडे वाढले, केस झडले, गाभण गाई गाभटल्या. त्याला खुराकाचा संशय आला. हा शेतकरी योगायोगाने रसायनाची इंजिनियरिंग शिकलेला होता. त्याने स्वतःच्या पैशाने नमुने पाठवले, या प्रयोगशाळेत, त्या प्रयोगशाळेत. राज्याच्या प्रयोगशाळेला काही सापडेना. आयोवातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालूच राहिले, म्हणून कागदावर एरवी न दिसणारे काहीतरी उमटले. शेवटी बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या एका शास्त्रज्ञाने ते विष ओळखले. तोवर १९७४ चा वसंत उजाडला होता. या सगळ्या महिन्यांत मिशिगनची लाखो माणसे तेच दूध, तेच लोणी, तेच मांस खात होती.

शेवटी ५०० हून जास्त शेतांवर बंदी आली. सुमारे ३०,००० गुरे, ४,५०० डुकरे आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

हॅल्बर्ट शिकलेला होता, त्याच्याकडे पैसा होता, म्हणून तपास लागला. बाकीच्यांना काय ऐकावे लागले? तुमची निगा बरोबर नाही, तुम्हाला गुरे पाळता येत नाहीत! आणि हे ऐकवण्यात खुराक विकणारी संस्थाही होती, जी तिथल्या शेतकऱ्यांच्याच संघटनेशी जोडलेली होती. संस्थेच्या पाटीवर शेतकऱ्याचे नाव असले म्हणजे ती शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहतेच असे नाही, हे आपल्या सहकारवाल्यांना माहीत आहेच. हे ऐकून आम्हाला यवतमाळ आठवले. २०१७ च्या हंगामात तिथे कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा पहिला प्रश्न आला तो हातमोजे घातले होते का, हा. बाटलीत काय होते हा प्रश्न मागाहून. मेलेल्याचीच आधी उलटतपासणी!

मिशिगनमध्ये पुढे मोजमापाचा खेळ झाला. चरबीच्या दहा लाख भागांत एक भाग विष असेल तरच जनावर बाधित, असे आधी ठरले. १९७४ च्या नोव्हेंबरात ती मर्यादा ०.३ वर आणली. ज्याच्या गाईत ०.२ निघाले, त्याची गाय डोळ्यांसमोर सुकत होती तरी कागदावर ठणठणीत. १९७७ मध्ये राज्याने कायदा करून ती ०.०२ पर्यंत खाली आणली. तीच गाय आता विषारी ठरली. एका शेतकऱ्याने नुकसानीचा दावा लावला, खटला वर्षाहून जास्त चालला आणि १९७८ मध्ये हरला, कारण थोड्याशा विषानेच आपली गुरे बिघडली हे त्याला सिद्ध करता आले नाही. विष करणाऱ्याने ते निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायचे नाही, विष खाणाऱ्याने ते विष आहे हे सिद्ध करायचे. असा न्याय.

आता कारखान्याच्या जागेकडे वळू. १९७६ मध्ये मिशिगन केमिकल ही वेल्सिकॉल कंपनीत विलीन झाली होती. कारखाना बंद पडला, पण जमिनीत आणि नदीच्या गाळात डीडीटी आणि पीबीबी तसेच. १९८० मध्ये अमेरिकेने 'सुपरफंड' नावाचा कायदा केला. ज्याने घाण केली, ज्याची जागा, ज्याने माल आणला, त्यातल्या कोणालाही पकडून सगळा खर्च वसूल करता येईल असा तो कायदा. कायदा बरा आहे, आम्ही उगाच नावे ठेवणार नाही. पण १९८२ मध्ये सरकार आणि कंपनी यांची तडजोड झाली. कंपनीने ३ कोटी ८५ लाख डॉलरचा भार उचलायचा आणि मोकळे व्हायचे. कारखाना पाडून तिथेच पुरला, भोवती जमिनीत बंदिस्त भिंत घातली, वर चिकणमातीचा थर दिला आणि थडग्यासारखा एक दगड उभा केला. नदीतला गाळ मात्र होता तिथेच राहू दिला. मासे खाऊ नका, एवढी सूचना.

गाळात किती विष आहे, ते कुठवर गेले आहे, भिंतीखालून झिरपते का, याचा पुरता तपास होण्याआधीच रक्कम ठरली. व्यापारी कापसाची गाडी न उघडता भाव करतो तेव्हा कट्टी आपल्याच माथी मारतो. इथे कट्टी गावाच्या माथी बसली. १९९० नंतर माशांतले डीडीटी कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. १९९८ ते २००६ या काळात सरकारने नदीतला सुमारे ५ लाख घनमीटर गाळ उपसला. खर्च दहा कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे सगळ्या तडजोडीच्या अडीच पटीहून जास्त, तोही नुसत्या गाळाचा. उपसा चालू असताना कळले की ती बंदिस्त भिंत बंदिस्त नव्हतीच. २००५ मध्ये गावाच्या पिण्याच्या विहिरींत डीडीटीच्या कारखान्यातून निघणारे एक रसायन सापडले. गावाला २०१५ पासून शेजारच्या आल्मा गावाच्या जोडीने दुसरीकडून पाणी आणावे लागले. कारखान्याजवळच्या अंगणांत पक्षी मरून पडत, तेव्हा २०१४ मध्ये विद्यापीठाने ते तपासले. त्यांच्या अंगात डीडीटी! अमेरिकेत शेतीत डीडीटी बंद होऊन तेव्हा ४२ वर्षे झाली होती.

आणि कंपनी? वेल्सिकॉलच्या जुन्या मालकाचे देणे 'फ्रूट ऑफ द लूम' या कंपनीकडे राहिले होते. ही कंपनी बनियन आणि चड्ड्या विकते, कापसाचा धंदा! १९९९ च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००२ मध्ये तिचा कपड्यांचा धंदा वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घेतला. विषारी जमिनी त्या सौद्यात नव्हत्या, त्या एका ट्रस्टच्या गळ्यात पडल्या. बनियन विकली गेली, मळ मागे राहिला. तो आता सरकार काढते, म्हणजे तिथला करदाता काढतो. सुपरफंडासाठी रसायन आणि तेल कंपन्यांवर जो कर होता तोही १९९५ मध्ये संपू दिला होता. रसायनांवरचा कर परत लावायला २०२१ साल उजाडले.

या कथेत आम्हाला शिकण्यासारखे वाटते ते गावकऱ्यांचे. १९९८ मध्ये गाळाचे काम निघाले तेव्हा त्यांनी आपली समिती केली, जवळच्या आल्मा कॉलेजचे प्राध्यापक सोबत घेतले, आणि सरकारला आपल्याशी बसून बोलायला लावले. सुपरफंडात अशी सोय आहे की अशा गटाला ५०,००० डॉलरपर्यंत सरकारी पैसा मिळतो आणि त्यातून तो आपल्या मर्जीचा तज्ज्ञ नेमू शकतो. तज्ज्ञ गावाचा, पगार सरकारचा. उशिरा का होईना, गाव पंच झाले.

काही शहाणे म्हणतील, घाण कंपनीने केली ना, मग तपासही तिलाच करू द्या, तुम्हाला कशाला ताप? आम्ही म्हणतो, पैसा तिचा, हात तिचा नाही. चोरानेच चोरीचा पंचनामा लिहायचा ही कुठली रीत? आणि एकट्या सरकारी खात्यावर सोडा म्हणाल, तर १९८२ ची सही सरकारचीच होती. खर्च कारखान्याने करावा, देखरेख प्रदूषण मंडळाने करावी, आणि ज्याच्या जमिनीतून, विहिरीतून नमुना घेतला त्याच्या हातात त्याच नमुन्याचा सीलबंद भाग असावा. ही काही आकाशातली मागणी नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात लिहिले आहे की निरीक्षकाने दुकानातून नमुना घेतला तर त्याचे तीन भाग करून सील करावेत आणि एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला द्यावा. म्हणजे औषध विकणाऱ्या दुकानदाराला आपला भाग मिळतो. तेच औषध ज्याच्या विहिरीत उतरले त्याला रिकामी बाटलीसुद्धा नाही!

आपल्या देशात कारखानदाराला खर्च भरायला लावता येतो हे बिछडीने दाखवले आहे. राजस्थानात उदयपूरजवळ एच-ॲसिड करणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. तपास आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने केला. १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने घाण केली त्याने निस्तरावी. पण कंपनी अर्जावर अर्ज करीत राहिली आणि ३७ कोटी ३८ लाख रुपये व्याजासह भरा हा हुकूम व्हायला २०११ उजाडले. विहीर तोवर थांबते का? शेतकऱ्याचे पोरगे तोवर शहरात वॉचमन झालेले असते.

आता मुद्द्याचे. केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैत दूषित जागांबाबत नवे नियम काढले आहेत. त्यांत स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करून दर सहा महिन्यांनी राज्य मंडळाला द्यायची आहे. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपास करायचा आहे. दोष निघाला तर खर्च जबाबदार माणसाकडून वसूल करायचा आहे. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते. नियम कागदावर चांगला आहे. पण यादीच झाली नाही तर ९० दिवस कधी सुरू होणार? आणि यादी साहेब आपण होऊन करतील अशी आशा आमच्यापैकी कोणी धरत असेल तर त्याने हात वर करावा.

म्हणून या जिल्हा मेळाव्याला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. कारखान्याचे पाणी ज्या नाल्यातून येते त्या नाल्याचे नाव, कडेच्या शेतांचे गट नंबर, विहिरीचे पाणी कोणत्या साली बदलले, कोणती जनावरे गाभटली, ढेप कोणत्या दुकानाची होती, आठवत असेल तर महिना. औद्योगिक वसाहतीलगतच्या नदीकाठच्या गावांनी हे आधी करावे. पावत्या असतील तर जपून ठेवा, झेरॉक्स आणा, मूळ कागद कोणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा नाही. हे कागद एकत्र करून आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन देणार आहोत. सोबत ग्रामसभेचा ठराव हवा, त्यात दोन वाक्ये हवीत. नमुना घेताना गावचे दोन पंच हजर राहतील. आणि नमुन्याचा एक सीलबंद भाग शेतकऱ्याकडे राहील.