गुंडाळी आणि वाटणी

चित्र म्हणजे खिळा मारून कायमचें टांगून ठेवावयाची वस्तु, अशी आपली समजूत असते. जपानांत पूर्वापार तसें नाहीं. तेथील घडीच्या चित्रपडद्यास 'ब्योबू' म्हणतात व त्या शब्दाचा मूळ अर्थच वारा अडविणारा असा आहे. चित्रांची लांब गुंडाळी तर पोथीसारखी पुढ्यांत घेऊन, उजवीकडून डावीकडे हातभर उलगडीत पाहावयाची, आणि पाहून झालें कीं पेटींत ठेवावयाची.

अशाच एका चित्रमालिकेची हकीकत वाटण्या पाहिलेल्या वाचकांस ऐकविण्याजोगी आहे. छत्तीस कविश्रेष्ठांचीं चित्रें व त्यांचे एकेक पद्य असलेल्या तेराव्या शतकांतील दोन गुंडाळ्या साताके नांवाच्या सरदार घराण्याकडे होत्या. १९१७ सालीं त्या विकल्या गेल्या आणि दोनच वर्षांनीं पुनः विक्रीस आल्या. किंमत एवढी कीं एकट्यास झेपेना. तेव्हां मासुदा ताकाशी या धनिक रसिकानें तोड काढली, ती अक्षरशः तोडच! १९१९ च्या डिसेंबरांत त्याच्या घरीं मंडळी जमलीं. छत्तीस कवि व एक सुमियोशी देवस्थानाचें चित्र, असे ३७ तुकडे करून चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. सर्वांचा डोळा साइगू नो न्योगो या राजकुलांतील कवयित्रीवर. मासुदाच्या वांट्यास मात्र एक भिक्षु आला! त्याची मुद्रा उतरलेली पाहून, जिला ती लाभली होती त्या गृहस्थानें अदलाबदल केली, असें सांगतात.

अर्धें सोडून अर्धें राखण्याची नीति आम्हांस पाठ आहे. पण येथें राखलें कोणतें अर्धें? आम्हांस प्रथम संतापच आला. मग आमच्याच घरची वाटणी आठवली. वडिलांच्या हातची भागवताची पोथी आम्हां भावांनीं स्कंधवार वांटून घेतली. तेथेंही चिठ्ठ्याच, आणि तेथेंही सर्वांस दशमस्कंधच हवा होता. मासुदास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

२०१९ सालीं, त्या गोष्टीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, क्योतो येथील राष्ट्रीय संग्रहालयानें त्यांपैकीं ३१ तुकडे एका छताखालीं आणले. जपानी मंडळींना हें साधलें. आमचा दशमस्कंध धाकट्या बंधूंकडे आहे. श्रावणांत तो घेऊन यावें, असें पत्र आम्हीं कालच टपालांत टाकलें.