घटस्फोट झाला, ओटीपी मात्र अजून नवऱ्याच्याच मोबाईलवर!

जुलै आला की कर्जत, नेरळ, खोपोलीतून माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत नुकत्याच वेगळ्या झालेल्या ताईही असतात. पॅन कार्ड त्यांचं, पण पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल नवऱ्याचा. म्हणजे ओटीपी तिकडे आणि खात्याची नोटीसही तिकडेच! रिफंडला जोडलेलं बँक खातंही बरेचदा जॉइंट.

मंडळी, आपल्याकडे नवरा-बायकोचं रिटर्न कायद्यानेच वेगळं आहे. मग "सगळं मिस्टर बघतात" म्हणून एकच नंबर टाकायची पद्धत कशाला? कर सल्लागारांनी ती बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटगीचंही समजून घ्या. दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न धरलं जातं, एकरकमी मिळालेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने महेश्वरी देवी प्रकरणात हा फरक केलाय. देणाऱ्याला मात्र दोन्हीकडे वजावट नाही. त्यामुळे तडजोडीवर सही करण्याआधी कराचा हिशेब मांडाच.

आणि ताई, कोर्टाच्या निकालाची वाट बघू नका. आजच प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर, स्वतःचं खातं टाका, पासवर्ड बदला. यात भांडण नाही, हक्क आहे.

ओळखीत कोणाला गरज असेल तर नक्की पाठवा.